तुमच्या घरचे माझे उपवास

ईनबाई, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मी पोटभर जेवले.

तुमच्या पडेगावच्या घरापुढं मांडव टाकला होता. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, तुमच्या फोटोपुढं सगळ्यांनी फुलं वाहिली. मग पंगत बसली. तुमची बहीण लता वाढणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवून होती. माझ्या पत्रावळीत भात पडणार तेवढ्यात तिनं त्या बाईचा हात धरला. म्हणाली, "त्यांना नको वाढू, त्यांचा उपास असतो. त्यांची भगर येगळी केलीय आत." शेजारच्या बायका माझ्याकडं वळून पाहायला लागल्या. वाईट नजरेनं नाही, कौतुकानंच. मी म्हणाले, "आज नाय उपास. वाढा." लताला वाटलं, तुमच्या दुःखात मी उपवास मोडला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं स्वतःच्या हातानं मला वाढलं.

मी वरण-भात कालवून खाल्ला. वांग्याची भाजी खाल्ली. बुंदी मागून घेतली. घशात काही अडकलं नाही, अंगावर काटा आला नाही, काही म्हणता काही झालं नाही. सात वर्षं ज्याला भ्याले ते इतकं साधं होतं, आणि ते पाहायला तुम्ही नव्हतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

माझा त्या दिवशी उपवास नव्हता. खरं सांगायचं तर तुमच्या घरी मी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा नव्हता. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र सोडली तर मी वर्षभर काही धरत नाही. मला पित्ताचा त्रास आहे, उपाशी राहिलं की डोकं चढतं. माझ्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी उपवास धरत नाही, हे फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.

माझ्या महेशनं लग्नासाठी तुमच्या सुजाताचं नाव सांगितलं तेव्हा आमच्या घरात पंधरा दिवस चूल पेटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चूल पेटत होती, आम्ही जेवत होतो, फक्त कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमचं गाव कन्नडकडचं, घर शेतकऱ्याचं, भावकी मोठी. मुकुंदवाडीत राहायला येऊन तीस वर्षं झाली, तरी कार्यात गावाकडच्यांना विचारल्याशिवाय आमचं पान हलत नाही. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी निकाल दिला. म्हणाल्या, "पोरगं ऐकत नाय तर करा सोयरीक. पोरगी आपल्यात आली की आपली झाली. पर त्या बौद्धवाड्यातलं अन्न आपल्या पोटात जायला नको. तेवढं सांभाळ." मी मान डोलावली. मला तो निकाल तेव्हा फार समजूतदारपणाचा वाटला होता. मुलगी चालते, तिच्या आईची भाकरी चालत नाही, यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बोलणीसाठी आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडं आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पुरणपोळ्या केल्या होत्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो, शेजारी निळ्या कोटातले बाबा, आणि आत येताच वेलदोड्याचा वास. तुमचे मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तुम्ही वस्तीतल्या लेकरांना खिचडी शिजवून घालायच्या आणि त्यावर एका मुलीला शिकवलं होतं. हे सगळं मला दिसत होतं. आमच्या ह्यांनी तर मागचा-पुढचा विचार न करता चार पोळ्या हाणल्या, वर तुपाची वाटी पुढं केली. बाप्यांचं बरं असतं, ते कुठंही जेवून येतात, भावकी त्यांना विचारत नाही. विचारतात बाईला.

तुम्ही माझं ताट घेऊन पुढं आलात. मी म्हणाले, "आज माझा गुरुवार हाये."

तुम्ही ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिलात. मग म्हणालात, "आवं मग आधी नाय का सांगायचं? मी दुसरं केलं असतं. निरंकार धरता का फराळाचं चालतं?"

मला निरंकार म्हणायचं होतं. पण दुपारचे दोन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते आणि तोंडातून निघून गेलं, "फराळाचं चालतं." तुम्ही लताला दुकानात पिटाळलं. अर्ध्या तासात माझ्यापुढं गरम भगर आणि शेंगदाण्याची आमटी आली. एक खोटं बोलून ताट चुकवायला गेले आणि दुसरं ताट येऊन बसलं. मी ती भगर खाल्ली. चांगली झाली होती, हिरवी मिरची जरा जास्त होती.

गावाकडं विचारणा झाली तेव्हा मी सांगितलं, फराळाचं खाल्लं, फराळाला दोष नसतो. हा नियम मीच काढला. तो कुठं सांगितलाय असं कोणी मला विचारलं नाही, कारण सगळ्यांना असाच एखादा नियम हवा होता. लग्नातलं जेवण तर आम्ही सगळे जेवलो. तिथं हॉल होता, आचारी होता, आचाऱ्याला कोण जात विचारतं. प्रश्न फक्त तुमच्या हाताचा होता.

लग्नानंतर तुम्ही आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं ते बुद्धपौर्णिमेला. मी येतानाच ठरवून आले होते, पौर्णिमेचा उपवास सांगायचा. पण मला सांगावंच लागलं नाही. मी उंबऱ्यातून आत आले आणि तुम्ही म्हणालात, "पुनव हाये, तुमचा उपास असंल ना? मी घेतलंय करून." आणि तुम्ही फळीवरनं एक पातेलं काढून दाखवलं. नवं कोरं, स्टीलचं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. सोबत झाकण आणि उलथनं. म्हणालात, "आमच्यात मटन-मच्छी शिजतंय. तुमच्या देवाला चालायचं नाय. हे तुमचंच. याला मी दुसरं काय बी लावत नाय."

ज्या घरात एकही देव नव्हता, त्या घरात माझ्या देवासाठी भांडं आलं होतं. सगळ्यांना खीर वाढली, मला भगर. तुमचं तोंड त्या दिवशी इतकं आनंदी होतं की मला वाटलं, जाऊ दे, यांना बरं वाटतंय ना. स्वतःला फसवायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

त्यानंतर सात वर्षं हेच. तुमच्याकडं कार्य निघालं की मी आधी वार बघायचे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकदा जयंतीचं जेवण रविवारी आलं तर मी खंडोबाला कामाला लावलं. तुम्ही कौतुकानं लताला सांगायच्या, "बाईचं धरनं लई कडक हाये." आणि मी घरी येऊन, चपला काढून, सुजाताच्या हातची गरम भाकरी आणि ठेचा खायचे. तुमचीच मुलगी, तुम्हीच शिकवलेली भाकरी, तीच चव. फक्त घर माझं होतं.

थोरल्या जाऊबाई लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेल्या. मग कोणी विचारणारं उरलं नाही. तेव्हा मी थांबू शकले असते. पण तोवर भीती वेगळी झाली होती. एखाद्या गुरुवारी मी तुमच्याकडं भाकरी खाल्ली तर तुम्ही विचारणार, उपवास सुटला का? आणि मग मागचे सगळे गुरुवार उघडे पडणार. भावकीला भिऊन सुरू केलेलं मी तुम्हाला भिऊन चालू ठेवलं. असं मी स्वतःला सांगत आले. पुढं दवाखान्यात जे झालं त्यानंतर हेही मला पटेनासं झालं आहे.

मी तुमच्याशी सगळं वाईटच वागले असं नाही, ईनबाई. तुम्हीही तसं म्हणणार नाही. सुजाताच्या डोहाळजेवणाला आमच्या घरी गावाकडच्या पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. ओटी भरायची वेळ आली तशी तुम्ही हळूच मागं, दाराशी जाऊन बसलात. तुमच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि तुम्ही कुंकू, सवाष्ण असलं काही मानतही नव्हतात. पण आमच्या कार्यात खोळंबा नको म्हणून स्वतःच बाजूला झालात. मला ते सहन झालं नाही. मी उठले, तुमचा हात धरून तुम्हाला पुढं आणलं आणि तबक तुमच्या हातात दिलं. एक बाई पुटपुटली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीच्या आईपेक्षा मोठी सवाष्ण कोन असती? भरा ओटी." नारळ खाली पडता पडता राहिला. मग तुम्ही आमच्या पंगतीत बसून सगळं खाल्लंत, अगदी देवीच्या नैवेद्याची करंजीसुद्धा, आणि म्हणालात, "ईनबाईच्या हाताला चव हाये."

तुम्ही माझ्या घरचं सगळं खाल्लंत, हे मला तेव्हा टोचलं नाही. आता टोचतं.

उपवासावरून आपलं भांडण झालं ते एकदाच. यश वर्षाचा झाला तेव्हाची गोष्ट. नातवाला मांडीवर घेऊन तुम्ही मला म्हणालात, "राग नका मानू, पन उपासानं काय होतं वो? उपाशी राहून देव भेटत असता तर आमच्या आज्याला कवाच भेटला असता." मी भांडले. मनावर ताबा राहतो म्हणाले, शरीर शुद्ध होतं म्हणाले, श्रद्धेची थट्टा करू नये म्हणाले. चांगली तासभर भांडले. जे मी करत नव्हते त्याच्यासाठी इतक्या पोटतिडकीनं भांडले की शेवटी तुम्हीच नमतं घेतलं. "बरं बाई, तुमचं तुम्हाला. मला आपलं तुमच्या पित्ताचं वाटतं," असं म्हणून उठलात. तुमची बाजू खरी होती, माझी तर बाजूच नव्हती. पण त्या दिवशी जिंकले मीच.

आणि कपाची गोष्ट तुम्ही सांगितली तो दिवस.

यशच्या पाचव्या वाढदिवसाचं तुमच्याकडं जेवण होतं. सगळे पुढच्या खोलीत होते, आपण दोघी मागं मोरीपाशी. तुम्ही माझं पातेलं घासत होतात. ते तुम्ही कोणाला घासू द्यायच्या नाहीत. घासता घासता तुम्ही तुमच्या माहेरच्या गावाचं बोलायला लागलात. गावातल्या हॉटेलात तुमच्या वडिलांसाठी, तुमच्या दादांसाठी, वेगळा कप होता. हॉटेलाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो असायचा. वडिलांनी यायचं, आपला कप काढायचा, धुवायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, परत धुऊन कोनाड्यात ठेवायचा. एकदा तो कप फुटला. हॉटेलवाला म्हणाला, चहा पाहिजे तर दुसरा कप तूच घेऊन ये. आणि वडिलांनी आणला. बाजारातून, फुलाफुलांचा, तुम्ही बरोबर होतात. तुम्हाला वाटलं होतं घरी न्यायचा आहे. तुम्ही म्हणालात, "मी घेऊन पळाया लागले तर दादा म्हन्ला, ठिव, त्यो आपला नाय, त्यो हाटेलात ठिवायचा हाये."

तुम्ही पातेलं पुसलंत, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलंत आणि फळीवर ठेवलंत. मग माझ्याकडं बघून हसलात. "गेले ते दिस. आता बगा, तुम्ही माझ्या चुलीपाशी बसून जेवता. दादा असता तर त्याला दावलं असतं."

ईनबाई, त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तुमच्या वडिलांना तो कप कोणीतरी आणायला लावला होता. तुम्हाला पातेलं आणायला मी लावलं. तेही तुम्हाला न कळू देता, तुमच्या मायेतून, तुमच्याच घरात. हॉटेलवाला निदान तोंडावर म्हणाला होता. मी फक्त म्हणाले, "चला, केक कापायचाय."

मग तुमचं आजारपण आलं. आधी कावीळ म्हणाले, मग यकृतात गाठ आहे म्हणाले, मग डॉक्टरांनी महेशला बाजूला घेतलं. सुजाताची नोकरी, यशची शाळा. म्हणून दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बसायचं ठरलं, रात्री लता. दोन महिने मी मुकुंदवाडीहून रोज आले. तुमचं अंग पुसलं, केस विंचरले, तुम्हाला कूस बदलून दिली. उलटी झाली की भांडं धरलं. तुमचं सगळं केलं आणि त्याची मला कधी किळस आली नाही, हे तुम्हीही पाहिलंत. लाजून तुम्ही म्हणायच्या, "ईनीकडनं हे करून घ्यायचं म्हंजे काय." मी म्हणायचे, "माझ्या वेळेला तुम्ही करा." आपण हसायचो. मानपान, रुसवेफुगवे, विहिणी-विहिणींत जे असतं ते सगळं तिथं संपून गेलं होतं. माझी सख्खी बहीण लहानपणीच वारली. बहीण असती तर अशीच असती असं मला त्या दोन महिन्यांत वाटलं, आणि तेवढं तरी मी तुम्हाला बोलून दाखवलं होतं.

शेवटच्या बुधवारी लतानं डब्यात दूधभात पाठवला होता. तुमच्या घरी शिजवलेला. तुम्ही चार घास खाल्लेत आणि वाटी बाजूला सरकवलीत. डब्यात अर्धा तसाच होता, त्याला कोणाचा हातही लागला नव्हता. तुम्ही डबा माझ्याकडं ढकललात.

"तुम्ही खा. सकाळपून पोटात काय नाय तुमच्या."

मी म्हणाले, "नको, तुम्हाला संध्याकाळी होईल."

तुम्ही म्हणालात, "आज बुधवार हाये. मी मोजलंय. बुधवारचा तुमचा कोन्ताच नसतो." आणि तुम्ही हसलात. दोन दिवसांत पहिल्यांदा हसलात. त्या वाळलेल्या तोंडावर लहान मुलीसारखी हुशारी दिसली, आता कशी पकडली अशी. "खा ना. माझ्यासमोर खा."

ईनबाई, मी म्हणाले, "आज एकादशी हाये."

का म्हणाले, हे मी तुम्ही गेल्यापासून रोज स्वतःला विचारते आहे. जाऊबाई नव्हत्या, भावकी नव्हती, खोलीत आपण दोघीच होतो. पकडले जायची भीती म्हणावी तर मरणाच्या दारात असलेलं माणूस कोणाला पकडतं? मला विचार करायला वेळच लागला नाही. तुम्ही डबा पुढं केलात आणि माझ्या तोंडातून एकादशी बाहेर पडली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण दुसऱ्यांना म्हणतो. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर कामाला येणाऱ्या बायांना मी स्वतः ओंजळीत वरून पाणी ओतलं आहे. तो हात मी साठ वर्षं अंगाला लावून हिंडते आहे, हे मला त्या खाटेशेजारी कळलं. कळलं तरी मी डब्याचं झाकण लावलं.

तुमचं हसू गेलं. तुम्ही म्हणालात, "मंग ऱ्हाऊ द्या. लताला म्हनावं, येताना केळी आन यांना." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात. मला वाटलं, थकलात. शुक्रवारी दुपारी तुम्ही गेलात.

हे सगळं पोटात ठेवून परवा मी तुमच्याकडं जेवले, आणि काल सुजाताला सांगायचं ठरवलं. ती दुपारी तुमच्या साड्या घेऊन बसली होती, कोणती कोणाला द्यायची ते ठरवत. मी तिच्यापुढं बसले. म्हणाले, "सुजाता, तुझ्या आईकडचे माझे उपास..."

"मला माहिताय, मम्मी," ती म्हणाली. साडीची घडी करायची थांबली नाही. "तिथून आल्यावर भाकरी मीच थापायचे ना तुम्हाला."

मी विचारलं, मग आईला का सांगितलं नाहीस?

"काय सांगू? ती वस्तीत सगळ्यांना सांगत फिरायची, माझी ईन माझ्यात जेवती. उपासाचं का व्हईना, माझ्या चुलीवरचं खाती. कोणाच्या सासरचं कोणी येत नाय हितं, माझ्या पोरीचं येतं. ते तिला लई मोठं वाटायचं. ते मी काढून घेऊ तिच्याकडून?"

मी रडायला लागले. तिनं मला उगी केलं नाही. साडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्या बुधवारी संध्याकाळी मी दवाखान्यात आले. तुम्ही नुकत्याच निघाल्या होत्या. आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, मोबाइलमधी कॅलेंडर बघ गं, आज एकादशी हाये का?"

मी रडायची थांबले.

"मी मोबाइल काढला, बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाले, हाये आई. ती म्हणाली, नक्की? मी म्हणाले, नक्की. मग तिनं डोळे मिटले." सुजातानं बाजूला ठेवलेली साडी परत मांडीवर घेतली. "आयुष्यात मी आईशी एकदाच खोटं बोलले, मम्मी. तेही शेवटाला. आता तुम्ही मला सांगून मोकळ्या झाल्या. मी कोणाला सांगू?"

ती उठून यशला आणायला शाळेत गेली. मी तुमच्या साड्यांपाशी बसून राहिले.

ईनबाई, म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या माफीसाठी नाही. माफी मागायची वेळ त्या मोरीपाशी होती, ती मी घालवली. तुमच्या मुलीला जे तुम्हाला सांगायचं आहे आणि आता कधीच सांगता येणार नाही, ते तिच्या वतीनं मी सांगते, कारण ते ओझं मीच तिच्यावर टाकलं. ती तुमच्याशी खोटं बोलली. माझी लाज राखायला आणि तुमचं मन राखायला बोलली. तुम्ही बरोबर मोजलं होतं. त्या दिवशी एकादशी नव्हती.